नाईक यशवंत घाडगे : आपल्या वाटेवरचा वीर

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा शाळेच्या आठवणी सोडून इतिहासावर लिहायचे मी ठरवले. आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. नोकरी बँकेत झाली तरी इतिहासाची गोडी शाळेतच लागली होती आणि ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून आज एका सैनिकाविषयी लिहितो. तो आपल्या शाळेचा नव्हता, डोंबिवलीचाही नव्हता. पण आपल्यातले निम्मे लोक लहानपणापासून त्याच्या गावावरून जात आले आहेत.

वर्गाचा हजेरीपट आठवून पाहा. म्हात्रे, पाटील, भोईर, ठाकूर हे इथलेच. पण साळवी, घाग, कदम, मोरे, शिर्के, जाधव यांची नावे आली की कोकणच उभे राही. वार्षिक परीक्षा संपली की ही मंडळी वळकट्या बांधून ठाण्याच्या किंवा कल्याणच्या एसटी स्टँडवर हजर. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर आणि मग माणगाव. तिथून पुढे महाड, पोलादपूर, कशेडी घाट. हल्ली माणगाव म्हटले की गणपतीच्या आधी होणारी गाड्यांची रांग डोळ्यांसमोर येते. त्याच माणगावात तहसील कार्यालयाजवळ एका सैनिकाचा पुतळा आहे. तो नाईक यशवंत घाडगे यांचा. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश साम्राज्यात रणांगणावरच्या शौर्यासाठी यापेक्षा मोठे पदक नव्हते.

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, रायगड हे नाव १९८१ साली आले. कोकणातल्या अशा गावांत भातशेतीवर वर्ष निघत नसे. घरटी एक तरुण मुंबईच्या गिरणीत नाहीतर पलटणीत, अशी रीत होती. महिन्याची मनीऑर्डर आली की घर चाले. महाड, माणगाव, खेड, चिपळूण या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे फौजेत गेली. पहिल्या महायुद्धात कोणत्या गावातून किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत, हे कोरलेले दगड कोकणात आणि देशावर अनेक गावांत आजही आहेत. देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीतला असा दगड आपल्यापैकी काहींनी आपल्या गावी पाहिलाही असेल.

घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. ही पलटण महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतच नावाजली होती. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर, ती इटालियन फौजेशी लढली. मराठा रेजिमेंटचा 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' हा रणघोष त्या मोहिमेपासून रूढ झाला, असे रेजिमेंटच्या परंपरेत सांगतात. केरेनला या पलटणीचे कमांडिंग ऑफिसर डेनिस रीड हे होते. पुढे इटलीत ज्या दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये ही पलटण लढली, तिचे मेजर जनरलही तेच.

इटलीची मोहीम आपल्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपे. मुसोलिनीचा पाडाव झाला, दोस्त राष्ट्रे रोममध्ये शिरली, पुढचा धडा. प्रत्यक्षात ती लढाई १९४३ पासून १९४५ च्या मेपर्यंत चालली. इटली हा लांबट देश, मधोमध डोंगरांची रांग आणि तिला आडव्या जाणाऱ्या नद्या. जर्मन सैन्य एक डोंगर सोडी आणि मागच्या डोंगरावर पुन्हा ठाण मांडून बसे. त्यामुळे प्रत्येक खोरे नव्याने जिंकावे लागे. या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यानंतर दोस्तांच्या बाजूने सर्वांत मोठे सैन्य भारताचे, पन्नास हजारांच्या घरातले. त्यांपैकी ५,७८२ जण परत आले नाहीत.

४ जून १९४४ रोजी रोम पडले आणि जर्मन फौज उत्तरेकडे हटू लागली. दहावी डिव्हिजन तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून तिच्या मागावर होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उंबेर्तिदे हे गाव घेतले, मग टेकडीवरचे मोन्तोने. पुढे चित्ता दी कास्तेल्लो हे ठिकाण होते. दोन्ही बाजूंना उंच टेकड्या, त्यांच्यावर मशीनगनची ठाणी आणि खालून चढणारे पायदळ, अशी ती लढाई.

१० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे तेव्हा नाईक होते, म्हणजे एका सेक्शनचे प्रमुख. फौजेतली ही सर्वांत लहान तुकडी, जेमतेम दहा माणसांची. तिचा नाईक ऑफिसर नसतो. तो त्यांच्यातलाच एक, त्यांच्याबरोबर जेवणारा आणि कोणाच्या घरून पत्र आले नाही हे ठाऊक असणारा. हल्ल्यात या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. क्षणात सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले एकटे घाडगे.

पुढे काय झाले ते पदकाच्या सरकारी नोंदीत आहे. आपल्याबरोबर यायला आता कोणी नाही हे पुरते ठाऊक असताना घाडगे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब फेकला. त्याने मशीनगन बंद पडली आणि ती चालवणाराही मेला. मग टॉमीगनने तिथल्या दुसऱ्याला टिपले. तोवर गोळ्या संपल्या. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवले. ठाणे हाती आले, पण लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय बावीस.

हे लिहिताना माझा हात जरा थांबला, तेही सांगतो. दस्त्याने माणसे मारणे ही काही गोडवे गावेत अशी गोष्ट नाही. जी दोन जर्मन मुले तिथे मेली, त्यांच्याही आया कुठेतरी वाट पाहत असतील. पण ती मशीनगन चालू राहिली असती तर मागून येणाऱ्या कंपनीचे काय झाले असते, हा प्रश्न त्या क्षणी घाडगे यांच्यापुढे होता. आपले सगळे सोबती डोळ्यांदेखत पडलेले असताना ते आडोसा शोधू शकले असते. त्यांना कोणी दोष दिला नसता. सरकारी नोंदीचा भरही यावरच आहे की, वाचण्याची आशा फारशी नाही हे जाणून हा माणूस पुढे गेला.

नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडन गॅझेटमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी तो घाडगे यांच्या पत्नीच्या हाती दिला. पळसगावच्या एका तरुण विधवेने दिल्लीला जाऊन ते पदक घेतले. हे पदक १८५६ साली सुरू झाले, पण हिंदी सैनिकांना ते मिळण्याची सोय १९११ पर्यंत नव्हती. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले ६ भारतीय फौजेला मिळाले. त्या सहांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे दोघे. दुसरे नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव. त्यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवरच्या लढाईतल्या पराक्रमासाठी ते मिळाले आणि ते जिवंत परतले. घाडगे यांची समाधी कुठेच नाही. ज्यांचे दफनस्थान ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे इटलीत कासिनोच्या स्मारकावर कोरली आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे.

इतका पराक्रम, तरी आपल्याला शाळेत हे नाव कधी भेटले नाही. याचा विचार करताना शिक्षकांना बोल लावावा असे मला वाटत नाही. आपल्या इतिहासाच्या सरांनी धड्याबाहेरचे जेवढे सांगितले तेवढे क्वचितच कोणी सांगत असेल. कारण दुसरे आहे, आणि ते आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. घाडगे लढले ते इंग्रजांच्या फौजेतून.

१९४४ चे ते दिवस आठवा. नेहरू, पटेल, मौलाना आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेलेली. त्याच पावसाळ्यात इंफाळच्या आघाडीवरून आझाद हिंद सेना चिखल तुडवत मागे फिरत होती. स्वातंत्र्याच्या गोष्टीत एकीकडे 'चले जाव', दुसरीकडे 'चलो दिल्ली'. मग साहेबाच्या पगारावर इटलीत मेलेल्या शिपायाला त्या गोष्टीत कुठे बसवायचे? कोणालाच नीट ठरवता आले नाही, आणि न ठरवता तो गोष्टीबाहेर राहिला.

ही अडचण मला घरातच कळली. माझ्या आजीचा भाऊ मराठा पलटणीत होता. आजीच्या ट्रंकेत तांबूस रंगाची सहा टोकांची एक चांदणी होती. इटलीच्या मोहिमेत गेलेल्या प्रत्येकाला मिळे ती. आजी ती कधीतरी चिंचेने घासून परत ठेवी. पण घरात तिच्याविषयी कोणी बोलत नसे. माझे आजोबा खादी वापरणारे, बेचाळीसच्या प्रभातफेऱ्यांत फिरलेले. त्यांच्यासमोर ती चांदणी बाहेर निघत नसे. आजोबा गेल्यावर मी एकदा आजीला विचारले, "तो कोणासाठी लढला गं?" ती म्हणाली, "धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती रे." आणि जरा थांबून, "आणि बरोबरची पोरं होती ना त्याच्या."

मला वाटते, दुसऱ्या महायुद्धात स्वतःहून भरती झालेल्या सुमारे पंचवीस लाख हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांचे उत्तर याच्याहून फार वेगळे नसावे. राजा कोण, हे त्यांनी निवडले नव्हते. गरिबीही निवडली नव्हती. फौजेत गेल्यावर शेजारच्या खंदकातल्या माणसाला दगा द्यायचा की नाही, एवढेच त्यांच्या हाती होते. घाडगे यांनी ते कसे निवडले, हे १० जुलैला दिसले. जे तुरुंगात गेले आणि जे आझाद हिंद सेनेत गेले, त्यांचा मोठेपणा यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण त्यांना मान द्यायचा म्हणून याला विसरायचे, असा हिशेब कोणत्या पाढ्यात बसतो?

शिवाय ती पलटण इंग्रजांबरोबर गेली नाही. घाडगे यांची तिसरी मराठा महायुद्धानंतर पॅराशूट पलटण झाली. १९४८ मध्ये नौशेरा-झांगरच्या आघाडीवर, ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये, ती काश्मीरसाठी लढली. पुढे तिचे नाव बदलून ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, म्हणजे आजची 'टू पॅरा'. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी बांगलादेशात टांगाइलजवळ आकाशातून उतरून पूंगलीचा पूल घेणारी पलटण ती हीच. १६ डिसेंबरला ढाक्यात पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांतही तीच होती. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना त्या दिवसांतला ब्लॅकआउट, काचांना लावलेले कागद आणि रेडिओभोवतीची गर्दी आठवत असेल. ज्या विजयासाठी आपण टाळ्या वाजवल्या, तो मिळवणारी पलटण तिबरच्या खोऱ्यात तावून निघालेली होती. फौजेची परंपरा अशीच चालते, एकाने राखलेले नाव दुसरा पुढे नेतो. १९७१ आपले मानायचे आणि १९४४ परके, हे जमणार नाही.

त्या युद्धाच्या खुणा आपल्या दारातही आहेत. उल्हासनगरला आपण आजही सरळ 'कॅम्प' म्हणतो. कॅम्प नंबर तीनला उतरलो, कॅम्प नंबर पाचला दुकान आहे. हा कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, जहाजावर चढण्याआधी आणि उतरल्यावर फौजा ठेवण्यासाठी बांधलेली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचे उल्हासनगर झाले. नेवाळीची धावपट्टीही त्याच काळातली. कारखाने, लोकल आणि इमारती यांच्या खाली आपल्या गावांचा हा एक जुना थर आहे. आपण त्याच्यावरून रोज जातो.

अलीकडच्या वीरांना आपले शहर विसरलेले नाही. डोंबिवलीत घरडा सर्कलला शहीद कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचे स्मारक झाले, याचा आपल्याला अभिमान आहे. ज्यांच्या घरचे लोक आपल्यात राहतात, त्यांची आठवण राहते. ज्यांना जाऊन ऐंशी वर्षे झाली आणि ज्यांच्या गावातली निम्मी घरे मुंबई-ठाण्याला उठून आली, त्यांची आठवण राखायची कोणी? मला वाटते, आपणच. गाव आपल्याबरोबर इथे आले आहे, तर गावाचे ऋणही इथे आले आहे.

इटलीतल्या लोकांनी ते मानले. जुलै २०२३ मध्ये मोन्तोने इथे भारतीय दूतावासाच्या साथीने नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक उभे राहिले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या गावाच्या वाटेवर हा कोकणी मुलगा पडला, त्या गावाने त्याला आपले म्हटले. तिथे तो इंग्रजांचा की हिंदुस्थानचा, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आपल्या गावाला मोकळे करायला आलेल्यांपैकी तो एक होता, एवढे त्यांना पुरले.

मित्रहो, आणि आदरणीय सर व बाई, एवढे सांगून दोन सूचना मांडतो.

पहिली शाळेसाठी. १० जुलै शाळा चालू असताना येतो. त्या दिवशी प्रार्थनेनंतर पाच मिनिटे कोणी विद्यार्थ्याने नाईक घाडगे यांची हकीकत वाचून दाखवावी. दरवर्षी वेगळा विद्यार्थी, स्वतः लिहिलेली हकीकत. खर्च काही नाही, हार-तुरे नकोत. दहा वर्षांत दहा मुले हा इतिहास स्वतः शोधून लिहितील, आणि त्यांतल्या एखाद्याला आपल्या इतिहासाच्या सरांसारखी गोडी लागेल. सहल काढायची असेल तर दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी माणगावला थांबते. पुतळा पाहायला मुले नेता येतील.

दुसरी आपल्या सर्व तुकड्यांसाठी. आपापल्या घरी विचारा. आजोबा, पणजोबा, आजीचा भाऊ, कोणी पलटणीत होते का? जुन्या ट्रंकेत पदक, पे-बुक, टोपीचा बिल्ला, एखादे पत्र आहे का? गावच्या देवळातल्या दगडावर काय कोरले आहे? त्यांची नावे, गावे, पलटणी आणि जमल्यास एक फोटो, एवढे एका वहीत जमवू. वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवू. पुढच्या मेळाव्याला ती पाहायला सगळ्यांनी यावे. आजीच्या भावाचे नाव, त्या चांदणीच्या फोटोसह, पहिल्या पानावर मी लिहून देतो. त्याच्या वर, शीर्षकाच्या जागी, नाईक यशवंत घाडगे, तिसरी पलटण, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, पळसगाव, हे असावे असे मला वाटते. बाकीची पाने आपण सगळ्यांनी मिळून भरायची आहेत.